पाण्याकडे तोंड केलेले घर कोणाला द्यावे याबद्दल

मी, श्रीमती दया आमोस उजागरे, वय ७८ वर्षे, सेवानिवृत्त शिक्षिका, राहणार मौजे बोरखडी, तालुका नेवासा, जिल्हा अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या पेनाने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टर दिशा माझीच विद्यार्थिनी असल्याने तिने तपासण्याआधीच सही केली होती, मग मी तिला रक्तदाब मोजायला लावला. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, धाक नाही. गुडघे दुखतात, पण कायद्याला गुडघ्यांशी काही कर्तव्य नाही.

वकिलांच्या कचेरीतून एक मसुदा टाइप होऊन आला होता, तो मी परत पाठवला. त्यात माझ्या यजमानांच्या नावामागे 'कै.' लावले होते. आमोस कैलासाला गेलेले नाहीत, ते प्रभूपाशी आहेत आणि तिथल्या छपराची रेघ कशी चुकली आहे हे कोणाला तरी समजावून सांगत असतील. शिवाय त्या मसुद्यात आमचे घर 'पक्के बांधकाम, जुने' एवढ्यात उरकले होते. मला ते आवडले नाही, म्हणून मीच लिहायला बसले.

मृत्युपत्राची गरज का पडली ते सांगते. मला दोन मुले आहेत. थोरला मार्क सावेडीला राहतो, त्याचे गाड्यांच्या सुट्या भागांचे दुकान आहे. धाकटी एंजेला पुण्यात परिचारिका आहे. दोघे माझ्यावर माया करतात, एकमेकांवरही करतात, फक्त घराचा विषय निघाला की दोघांचे आवाज चढतात. दोन वर्षांपूर्वी मार्कला हे घर पाडून रस्त्याकडे तोंड असलेला दुमजली बंगला बांधायचा होता. एंजेलाला एक वीटही हलवू द्यायची नव्हती. पप्पांनी ठेवले तसेच घर कुलूप लावून ठेवायचे होते. माझ्यामागे हे दोघे कोर्टाच्या आवारात एकमेकांकडे पाठ करून बसलेले मला नको आहेत. तेव्हा घर कोणाला, हे मीच ठरवून जाते. ते कलम मात्र सर्वांत शेवटी घातले आहे. आधी लिहिले तर बाकीचे कोणी वाचणार नाही. जन्मभर पेपर तपासले आहेत, मुले कोणता प्रश्न टाळतात ते मला ठाऊक आहे.

मिळकतीची चतुःसीमा: पूर्वेस सहादेव दराडे यांची विहीर, पश्चिमेस बाभळींचा बांध, दक्षिणेस गावाचा रस्ता, उत्तरेस धरणाचा फुगवटा. उत्तरेची हद्द कायम नाही. पावसाळा सरताना पाणी आमच्या ओट्याच्या पायऱ्यांशी येऊन बसते. पुढे ते हळूहळू मागे सरते, आणि उघड्या पडलेल्या गाळात सहादेव आधी हरभरा करतो, मग कलिंगडे. वकील म्हणाले, "बाई, हद्द अशी मागेपुढे होणारी लिहिता येत नाही." मी म्हटले, मग पाण्याला नोटीस काढा.

आता या घराची हकिकत. आमोस धरणाच्या कामावर ड्राफ्ट्समन होते. मोठमोठ्या कागदांवर पाणी कुठवर येणार त्याची रेघ ते ओढत. उजागऱ्यांची बरीचशी जमीन त्या रेघेच्या आत गेली, हा उंचवट्यावरचा तुकडा तेवढा बाहेर राहिला. त्याच सुमारास मिशनच्या बंगल्यात पडून असलेल्या एका अमेरिकन मासिकात त्यांनी तळ्याकाठच्या एका घराचे चित्र पाहिले. बुटके, लांबलचक घर, समोर सगळी काच, आणि छप्पर दोन्हीकडून मध्ये उतरणारे. त्या चित्रावरून त्यांनी आपल्या हाताने नकाशा काढला आणि १९६८ साली घर बांधले. काळ्या दगडाच्या भिंती, मोझॅकची फरशी, लोखंडी चौकटींच्या काचा, भिंतीतच बसवलेली कपाटे. सगळे घर उत्तरेला तोंड करून, पाण्याकडे.

फक्त पाणी अजून यायचे होते.

पुढच्या वर्षी मी लग्न होऊन आले तेव्हा पुढच्या दाराच्या पायऱ्या सरळ ज्वारीच्या धसकटांत उतरत होत्या. रस्ता मागच्या बाजूला, त्यामुळे येणारा जाणारा स्वयंपाकघरातून घरात शिरे. नवी नवरी म्हणून मीही तशीच शिरले, चुलीला वळसा घालून. आमोस रोज संध्याकाळी ओट्यावर खुर्ची टाकून शेताकडे बघत बसत. बांधावरून जाणारे लोक विचारत, "उजागरे सायेब, आज किती लाटा आल्या?" आमोस शांतपणे सांगत, "यायचंय अजून." त्यांनी होडीसुद्धा करून घेतली होती. ती बाभळीला बांधून ठेवत, वाऱ्याने जाईल म्हणून.

छपराबद्दल तर विचारूच नका. लोकांच्या घरावरून पावसाचे पाणी वाहून जाते, आमच्या घरावर ते मधोमध जमा होई आणि तिथून दिवाणखान्यात उतरे. गावात आमच्या घराला 'उलटं घर' म्हणत आणि पत्रेसुद्धा त्या पत्त्यावर बरोबर येत. मला राग येत असे. आमोसना नाही. त्यांना या घराचे एवढे कौतुक होते की थेंब पडायला लागला की ते पातेले ठेवत आणि आवाज ऐकत बसत.

असे हे घर. आता वाटप.

कलम १. बँकेतील माझ्या सर्व ठेवी आणि दागिने एंजेलाला द्यावेत. तिच्या पप्पांचा ड्रॉइंग बोर्ड, पट्ट्या, शाईची पेने आणि घराचे सगळे नकाशेही तिचेच. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी तिलाच नेमते. ती रडेल, पण रडत रडत कामे करण्याची तिला सवय आहे.

कलम २. सावेडीचा फ्लॅट माझ्या नावावर आहे, तो मार्कला द्यावा. आमोसची राजदूत मोटारसायकलही त्याला. ती चालू होत नाही. ती चालू करण्याचा प्रयत्न करताना मार्क अगदी लहानपणीसारखा दिसतो, म्हणून ती त्याने विकू नये अशी माझी विनंती आहे, अट नाही.

कलम ३. होडी सहादेव दराडे यास द्यावी. याच्या शेळ्यांनी माझी शेवंती तीन वेळा मुळापासून खाल्ली आणि तिन्ही वेळा याने "बाई, आमच्या नव्हत्या त्या" असे शेळीचे दावे हातात धरून सांगितले. तरीही दर उन्हाळ्यात गाळातले पहिले कलिंगड माझ्या ओट्यावर येते. मी त्याला साक्षीदार व्हायला सांगितले होते. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, हे वकिलांनी समजावल्यावर तो म्हणाला, "बाई, सही करून मला काय भेटायचं हाय? सही दुसऱ्याची घ्या अन् होडी मला द्या." त्याप्रमाणे केले आहे.

कलम ४. नाताळच्या करंज्यांची मोठी परात, दोन्ही कढया आणि झारे आमच्या चर्चच्या मंडळीतल्या महिला संघाला द्यावेत. माझा पितळी सोऱ्या संघाच्या चिटणीस पंकजाबाई यांना द्यावा. तो त्यांच्याकडेच आहे. फार वर्षांपूर्वी चकल्यांसाठी नेला होता आणि दर नाताळला त्या "आणतेच हं" म्हणतात. आता तो त्यांना रीतसर मिळत आहे, तेव्हा त्यांनी मला रस्त्यात पाहून पलीकडे जाणे बंद करावे. हे कलम त्यांना मी जिवंत असतानाच वाचून दाखवणार आहे.

कलम ५. घर.

याला थोडा वेळ लागेल.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात दिवाणखान्याच्या छताचा मोठा पोपडा सुटून चहाच्या टेबलावर पडला. मी तेव्हा उठून चष्मा आणायला गेले होते, म्हणून हे मृत्युपत्र आज लिहिता येते आहे. दुसऱ्या दिवशी मार्क एका ठेकेदाराला घेऊन आला. ठेकेदाराने दारातूनच सांगितले की यात काही राम नाही, पाडा. मागोमाग एंजेला आली आणि भिंतींचे फोटो काढत फिरू लागली. बहीणभावाचे स्वयंपाकघरातच वाजले. मार्क म्हणाला, "मम्मी एक दिवस या छताखाली जाईल, मग लाव तू फोटो." एंजेला म्हणाली, "तुला पप्पा कधी कळलेच नाहीत." मी चहा गाळत होते. माझी सून मोनिका स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहून कप भरत होती. तिने हळूच मला विचारले, "मम्मी, तुम्हाला या घरात काय अडचण होते?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. पन्नासहून जास्त वर्षे मी या घरात आहे. या घराला लोक हसले, या घराचे लोकांनी कौतुक केले, पुण्याहून एकदा आर्किटेक्चरची मुले येऊन वह्यांत चित्रे काढून गेली. मला अडचण काय होते, हे कोणी विचारले नव्हते.

मोनिकाचे सावेडीत शिवणाचे दुकान आहे. नवे कपडे ती कमी शिवते. जुने कपडे उसवून अंगाला बसते करून देण्यात तिचा हात धरणारे कोणी नाही. ती आठ दिवस दुकान बंद ठेवून इथे येऊन राहिली. स्वयंपाक केला, कपडे वाळत घातले, पाऊस आला तेव्हा पातेली मांडली. मग तिने पर्समधून कापडावर खुणा करायचा खडू काढला आणि घरावर खुणा करायला सुरुवात केली. जिथे दुरुस्त करायचे तिथे साधी रेघ, जिथे मोडायचे तिथे फुली. मार्कला ती म्हणाली, "कापड चांगलं आहे. फिटिंग चुकलंय."

कामाला छगन गवंडी आला. त्याने छपराची मधली पन्हळ उघडली तेव्हा आतून कबुतरांची घरटी निघाली, दोन चेंडू निघाले, आणि मार्कचा कंपास निघाला, जो हरवला म्हणून मी त्याला चौथीत बदडले होते. पन्हळ रुंद केली, तिचा उतार बदलला, आणि पाणी आता एका नळाने मागच्या टाकीत जाते. गेल्या पावसाळ्यात दिवाणखान्यात एक थेंब आला नाही. मला थोडे चुकल्यासारखे झाले, हे खरे आहे. लोखंडी चौकटी काढून अॅल्युमिनियमच्या बसवाव्यात असे सगळे म्हणत होते. मोनिकाने एकेक चौकट घासून घेतली. घासायला कोण, तर मार्क. ज्याला घर पाडायचे होते तो दर रविवारी चर्च सुटले की सावेडीहून येई आणि संध्याकाळपर्यंत गंज काढत बसे, दुपारी माझ्या हातचे मटण खाई आणि ओट्यावर घोरत पडे. फरशीला पॉलिश केले तेव्हा ती हिरवी निघाली. हिरवी आहे हे मी विसरूनच गेले होते. त्या दिवशी मी चप्पल काढून सगळ्या घरातून नुसती चालत फिरले.

इथवर सगळे गोडीने झाले. मग मोनिकाने स्वयंपाकघराच्या भिंतीवर फुली मारली.

स्वयंपाकघर रस्त्याच्या बाजूला आहे. त्याच्या आणि दिवाणखान्याच्या मध्ये ही भिंत. दिवाणखान्यातून पाणी दिसते, ओट्यावरून दिसते, आमोसच्या कामाच्या खोलीतून दिसते. चुलीपाशी उभे राहिले की भिंत दिसते. मोनिका म्हणाली, "मम्मी, पाण्यासाठी एवढं घर बांधलं आणि बाईला पाणी दिसत नाही?" मला राग आला. मी म्हणाले, ही भिंत आमोसनी आखली आहे, हिला हात लागणार नाही. आणि ओल्या फडक्याने फुली पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी फुली पुन्हा होती. मी पुन्हा पुसली. आम्ही एकमेकींशी बोलणे बंद केले, आणि एकाच खोलीत उभ्या राहून छगनमार्फत निरोप देऊ लागलो. "छगन, यांना सांग, चहा झालाय." "छगन, तिला सांग, मला नको." छगन बिचारा हातात थापी घेऊन मध्ये उभा. शेवटी तो म्हणाला, "बाई, पाडायचं का न्हाई त्ये तुमी दोगी ठरवा. मी तवर जेवून येतो." आणि तो खरेच घरी जेवायला गेला.

तो गेल्यावर मोनिकाने स्टूल आणून माझ्यासमोर ठेवले. मला बसवले आणि स्वतः खाली बसली. म्हणाली, "मम्मी, पहिल्यांदा पाणी आलं तो दिवस सांगा ना. मार्क सांगतो, पण तो तेव्हा तान्हा होता."

मी सांगू लागले. १९७६ साल. पाणी कितीतरी दिवस शेतांतून वर सरकत होते. त्या दिवशी सकाळी सहादेवचे वडील ओरडत आले की पाणी उजागऱ्यांच्या शेवटच्या बांधावर चढले. अर्ध्या तासात सगळे गाव आमच्या घरात. आत शिरणार कुठून, तर स्वयंपाकघरातून, आणि प्रत्येक जण जाता जाता म्हणत होता, वहिनी, चहा टाका. मी चहा टाकला. एक पातेले उतरवले की दुसरे चढवले. मार्क कडेवर. पलीकडून आवाज येत होते, आलं, आलं, धसकटांत आलं, आता दगडापाशी आलं. मग एकदम सगळे गप्प झाले आणि मग ओरडले, आणि आमोस मोठमोठ्याने हसताना ऐकू आले. पाणी खालच्या पायरीला लागले होते. मी शेवटचे कप घेऊन ओट्यावर गेले तेव्हा ते लागून झाले होते. लोक पाय धूत होते. आमोसचे डोळे ओले होते, ते मला म्हणाले, "दया, पाहिलंस का?" मी हो म्हटले.

एवढे सांगून मी थांबले. मी भिंतीकडे पाहिले. जिच्यामुळे सात वर्षे वाट पाहिलेली गोष्ट मला नुसती ऐकावी लागली, ती ही भिंत, आणि मी फडके घेऊन तिची राखण करत होते. मला हसू आले आणि रडूही आले. आमोसवर माझा राग नव्हता, आजही नाही. ज्या माणसाने पाण्याची रेघ बरोबर ओळखली, त्याला बायको दिवसभर कुठे उभी असते ते सुचले नाही. त्या मासिकातल्या चित्रात स्वयंपाकघर दाखवलेलेच नव्हते.

मी म्हणाले, "पाड."

मार्कने आणलेल्या इंजिनिअरने भिंतीवर भार नसल्याचे पाहून सांगितले. पहिला घण मात्र मी घातला. छगनने माझ्या कोपराला धरले होते. टवका उडाला एवढाच, पण टाळ्या वाजल्या.

आता मी सकाळी गॅससमोर उभी राहते आणि चहाला उकळी येईपर्यंत पाणी बघते. थंडीत पलीकडे बदके उतरतात. सहादेव होडीतून जाताना माझ्या स्वयंपाकघराकडे बघून हात करतो. चहा वारंवार उतू जातो. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मी इतकी सुखात आहे की हे मृत्युपत्र लिहायला मुहूर्तच सापडत नव्हता.

भिंत पाडल्याचे कळल्यावर एंजेला पुण्याहून तणतणत आली. बॅगही खाली न ठेवता तिने ते भगदाड पाहिले. मग ती स्वयंपाकाच्या ओट्यावर चढून बसली, जशी लहानपणी बसे, आणि तिथेच बसून जेवली. जाताना म्हणाली, "पप्पांना हे आधी का नाही सुचलं?" आता गंमत अशी झाली आहे की मार्कलाही घर हवे आहे आणि एंजेलालाही. दोघांनाही ते आज आहे तसेच हवे आहे, एक खिळाही न हलवता. म्हणजे भांडण होते तिथेच आहे, फक्त दोघे एका बाजूला आले आहेत. मोनिकाने घर मागितलेले नाही. माझ्यासमोर नाही, नवऱ्यापाशीही नाही. मी मार्कला विचारून खात्री केली आहे.

तरी मी पूर्ण विचारांती असे ठरवते की, मौजे बोरखडी येथील वर वर्णन केलेले, माझ्या नावावरचे घर, ओटा, टाकी व जागेसह, माझ्या पश्चात माझी सून मोनिका मार्क उजागरे हिच्या एकटीच्या नावे, पूर्ण मालकी हक्काने व्हावे. कारण या घरात राहणाऱ्याला काय अडचण होते, हे तिने विचारले. एंजेलाने दर सुट्टीत हक्काने यावे, पश्चिमेची खोली तिची. मार्कने बायकोची परवानगी काढून यावे. मोनिकाला या घरात जे मोडावेसे वाटेल ते तिने मोडावे, आणि तसे करताना पप्पांना काय वाटले असते असे तिला कोणी विचारू नये. तिच्या नंतर जी कोणी येईल तिलाही हीच मुभा राहील.

कलम ६. हे कलम काल संध्याकाळी सुचले. मोनिका माझ्या झोपायच्या खोलीत माझे औषध ठेवायला आली होती. त्या खोलीच्या उत्तरेच्या भिंतीत आमोसनी बसवलेले मोठे कपाट आहे, त्यामुळे तिकडे खिडकी नाही. मोनिका त्या कपाटाकडे बराच वेळ बघत उभी राहिली. मग माझ्याकडे बघून हसली आणि काही न बोलता निघून गेली. म्हातारीच्या डोक्यावर आता धूळ नको, पुढे बघू, असे तिच्या मनात आले असणार. तिचे मन मला कळते.

वकील म्हणतात, मृत्युपत्रातले काहीही माझ्या मृत्यूनंतरच लागू होते. बाकीच्या कलमांना ते खुशाल लागू करा. या कलमाला नाही. ते कपाट काढावे आणि तिथे पलंगावरून पाणी दिसेल अशी मोठी खिडकी पाडावी. मोनिका, यासाठी माझ्या मरणाची वाट बघत बसू नकोस. मला अजून बरेच दिवस उशिरा उठायचे आहे. सोमवारी छगनला बोलाव.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, समोर पाणी असताना लिहिले आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. यानंतर बदल करावासा वाटला तर करीन, कारण मला सध्या सगळेच बदलून बघावेसे वाटते.

ठिकाण: बोरखडी, तालुका नेवासा
दिनांक: २९ नोव्हेंबर २०२५, शनिवार

(सही)
दया आमोस उजागरे

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली व ज्यांनी माझ्यासमोर सही केली:

१. (सही) डॉ. दिशा रामहरी आव्हाड, नेवासा. रक्तदाब उत्तम.

२. (सही) छगन बजरंग वाघ, गवंडी, बोरखडी. मजकूर वाचलेला नाही. सोमवारी मोकळा आहे.